आरंभीची शिल्लक कोण लिहिणार?



दरवर्षी ५ जूनला, जागतिक पर्यावरण दिनी, आपल्या शहरात रोपवाटपाचे कार्यक्रम होतात. शाळा, बँका, सोसायट्या, राजकीय पक्ष, मंडळे, सगळेच त्यात असतात. फोटो निघतात, भाषणे होतात. त्यात गैर काही नाही. पाच रोपांतले एक जगले तरी तेवढे एक झाड वाढले. पण दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातले आकडे नीट वाचा. यंदा इतकी हजार रोपे लावली, पुढच्या वर्षी इतकी लाख लावणार. ही झाली जमेची बाजू. नावेची बाजू कोठे आहे? त्याच वर्षात शहरातली किती तळी बुजली, किती खाजण मातीने भरले, किती गवताळ माळ प्लॉट झाले, हे कोणत्याही पानावर सापडत नाही.

अस्मादिक कॉमर्सचे पदवीधर आणि धंद्याने बँकेतले कारकून. झाडा-पक्ष्यांचे ज्ञान बेताचेच. पण एवढे नक्की कळते, की कोणत्याही खात्याची पहिली ओळ ही आरंभीच्या शिलकीची असते. ती लिहिल्याशिवाय वर्षअखेरीला नफा झाला की तोटा, हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. आपल्या शहराच्या निसर्गाचे खाते मात्र नेमकी ती पहिली ओळ कोरी ठेवून लिहिले जात आहे. या अंकाचा अग्रलेख त्या कोऱ्या ओळीबद्दल आहे. राजकारणाच्या पत्रिकेत पक्षी, मासे, तिवरे यांचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. जमीन कोणाच्या नावावर जाते, पुराचे पाणी कोणाच्या घरात शिरते आणि परवानगीच्या कागदावर कोण सही करतो, हे जर राजकारण नसेल तर मग राजकारण म्हणजे दुसरे काय?

आधी एका परदेशी कायद्याविषयी थोडे सांगतो, कारण त्यात हिशेबाची रीत चांगली आहे. इंग्लंडमध्ये २०२१ च्या पर्यावरण कायद्यानुसार १२ फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या बांधकामांना एक अट लागू झाली. त्याच वर्षी २ एप्रिलपासून ती छोट्या बांधकामांनाही लावली गेली. अटीचे नाव जैवविविधतेचा निव्वळ लाभ. मतलब असा, की बांधकामाआधी त्या जागेवर गवत, झुडपे, ओढा, दलदल, झाडे असे काय काय आहे, कोणत्या स्थितीत आहे आणि किती दुर्मीळ आहे, याचे ठरलेल्या पद्धतीने गुण काढायचे. ते शंभर भरले, तर बांधकामानंतरचा हिशेब किमान एकशेदहा भरला पाहिजे. आणि जे नव्याने उभे करू ते ३० वर्षे सांभाळायचे. लावले, फोटो काढला, निघून गेले, असे चालत नाही.

त्यात तीन बारकावे आहेत आणि ते मला मुख्य अटीपेक्षाही मोलाचे वाटले. पहिला म्हणजे, भरपाई जितकी लांब कराल तितके तिचे गुण कमी होतात. दुसरा असा, की काही गोष्टींची भरपाई होऊच शकत नाही हे कायद्याने मान्य केले आहे. शेकडो वर्षांचे जुने जंगल त्यात येते. ते तोडून दुसरीकडे रोपे लावून हिशेब जुळत नाही. तिसरा बारकावा वाचून तर आपल्याकडच्या बिल्डर मंडळींचा चेहराच डोळ्यांपुढे आला! अर्ज करण्याआधीच कोणी झाडे तोडून जागा साफ करून ठेवली, तर ३० जानेवारी २०२० नंतर केलेली ती साफसफाई हिशेबात धरत नाहीत; जागा त्याआधी जशी होती तशी समजून गुण मोजतात. आपल्याकडे आधी डंपरने पुरणी करून तळे बुजवायचे आणि मग बिनशेतीचा अर्ज करायचा, ही रीत कोणाला शिकवावी लागत नाही.

आता सुरतेकडे येऊ. २००६ साली हद्दवाढ झाली तेव्हा शहराचे क्षेत्र सुमारे ११२ चौरस किलोमीटरवरून ३२६ वर गेले. २०२० च्या हद्दवाढीत सचिन, कनकपूर-कनसाड आणि २७ गावे आली आणि ते ४६० च्या पुढे पोहोचले. म्हणजे चौदा वर्षांत शहर चौपट झाले. जुन्या शेरीत वाढलेल्या आपल्या कुटुंबांना हे वेगळे सांगायला नको. ज्यांच्या आजोबांनी उधन्याला शेते पाहिली, त्यांच्या नातवंडांनी तिथे फक्त लूमचा आवाज ऐकला. लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खान्देशातून आलेली आपली माणसे वसली, तीही याच वाढीबरोबर. (तापीमाईसुद्धा खान्देशातूनच इथे आली, आणि आपल्या फार आधी आली, हे ओघाने सांगून ठेवतो.)

शहरात आलेली जमीन टी.पी. स्कीमखाली जाते. ही गुजरातची जुनी आणि खरोखर चांगली पद्धत आहे. गुजरातच्या १९७६ च्या नगररचना कायद्यात त्यातली वाटणी दिली आहे. सर्वांच्या जमिनी एकत्र करायच्या, त्यातून रस्त्यांसाठी १५ टक्के, बागा-मैदाने व मोकळ्या जागांसाठी ५ टक्के, शाळा-दवाखान्यांसारख्या सोयींसाठी ५ टक्के आणि विकून खर्च भागवण्यासाठी १५ टक्के असा भाग ठेवायचा, आणि उरलेली जमीन नव्या आखणीने मालकांना परत द्यायची. कपातीवरून भांडणे होतात, पण जमीन हिसकावून घेण्यापेक्षा हे बरे. महाराष्ट्रातली मंडळी ही पद्धत पाहायला इथे येतात, याचा आपल्याला अभिमान वाटायला हरकत नाही.

त्या ५ टक्क्यांत काय येते ते मात्र पाहा. लॉन येते, पेव्हर ब्लॉकची पायवाट येते, बाके येतात, कारंजे येते. कायद्याचे समाधान होते. तिथे आधी नैसर्गिक उताराचे तळे होते का, पावसाळ्यात पाणी थोपवणारा गवताळ खळगा होता का, याची विचारणा त्या आखणीत नाही. मूळ खंडाची लांबी-रुंदी, मालकाचे नाव आणि बाजारभाव एवढे नोंदले, की काम झाले.

याचे मूळ फार जुने आहे. कर्जाच्या फायलीसोबत येणारे सातबाराचे उतारे रोज हाताखालून जातात. त्यात एक रकाना असतो, पोटखराबा. ज्या जमिनीत पीक येत नाही, म्हणून सारा मिळत नाही, ती सरकारच्या लेखी खराब. ओढ्याचा काठ, खारी जमीन, दलदल, खडकाळ माळ हे सगळे त्यात जाते. महसुलाच्या दृष्टीने ते ठीक होते. सरकारला साऱ्याशी मतलब होता. पण ज्या जागेवर सर्वांत जास्त जीव जगतात, पूर उतरतो, मासे अंडी घालतात, तीच आपल्या दप्तरात शून्य किमतीची ठरली. शून्यावर काहीही लावले तरी लाभच दिसणार! खाडीकाठची दलदल बुजवून त्यावर शंभर शोभेची झाडे लावली, तर कागदावर शंभर झाडांची वाढ झाली. लबाडी करायलाही कोणी लागत नाही. वहीच तशी आखलेली आहे.

गुजरातीत ज्याला चेर म्हणतात त्याला आपण तिवर म्हणतो. हजीरा, डुमस, मिंढोळा या पट्ट्यात भरतीच्या पाण्यात उभे राहणारे हे झाड दिसायला काही खास नाही. पण त्याच्या मुळांतल्या चिखलात कोळंबीची पिल्ले वाढतात, खेकडे राहतात, निवट्या राहतात. हेच ते आपल्या सुरती मित्रांचे आवडते लेवटे, जे ते चवीने खातात आणि चिखल मात्र घाण म्हणतात. वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे गुजरातेत सुमारे ११६४ चौरस किलोमीटर तिवरे आहेत. पश्चिम बंगालनंतर देशात दुसरा क्रमांक. त्याच अहवालात आधीच्या मोजणीपेक्षा ३६ चौरस किलोमीटरहून अधिक घट नोंदली आहे. तिवरे लावण्यात आपले राज्य अनेक वर्षे पुढे आहे, असे आपण ऐकत आलो. लावणीही खरी आहे आणि घटही खरी आहे. म्हणून तर म्हणतो, दोन्ही बाजू एका वहीत लिहा.

हजीऱ्याच्या मच्छीमारांनी हा हिशेब न्यायालयात मांडला होता. बंदराच्या विस्तारात भराव पडला, तिवरे गेली, किनाऱ्यावर जाण्याचा रस्ता बंद झाला, अशी त्यांची तक्रार. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने जानेवारी २०१६ मध्ये त्या विस्ताराला २०१३ साली मिळालेली पर्यावरण मंजुरी रद्द केली आणि कंपनीला २५ कोटी रुपये भरायला सांगितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले व आदेशाला स्थगिती मिळाली. कायद्याची बाजू कोणाची, हे ठरवणे आपले काम नाही. पण मच्छीमाराला आपले नुकसान सिद्ध करायला पुण्यापर्यंत जावे लागले, याचे कारण एकच. भराव पडण्याआधी तिथे काय होते, हे सर्वांना मान्य होईल अशा कागदावर असते, तर अर्धा वाद हजीऱ्यातच मिटला असता.

आता एका चांगल्या कामाची नोंद करतो, नाहीतर संपादक नेहमी तक्रारच करतात असे म्हणाल. डॉ. हेडगेवार पुलापासून भीमराड-बमरोली पुलापर्यंत, ८७ हेक्टरहून अधिक जागेत, महानगरपालिकेने जैवविविधता उद्यानाचे काम काढले. २९ सप्टेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. खाडीचा काठ बिल्डरला न देता मोकळा ठेवणे ही देशातल्या फार थोड्या शहरांना सुचणारी गोष्ट आहे आणि त्याचे श्रेय पालिकेला दिलेच पाहिजे. या खाडीला गटार समजून तिच्याकडे पाठ करून बसलेले शहर तिच्याकडे तोंड करून बसले, हेही कमी नाही.

पण उद्यान आणि जैवविविधता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काठावर दाट झाडी लावली तर झाडीतले पक्षी येतील. उथळ पाण्यात चालत भक्ष्य शोधणारे बगळे, शेकाटे, शराटी यांना झाडी नको असते, त्यांना चिखल आणि उथळ पाणी हवे असते. गवियर तलाव पाहून या. नेचर क्लबच्या मंडळींनी तिथे वर्षानुवर्षे काम केले. तिथे पक्षी येतात ते पाण्यामुळे आणि काठच्या पाणवनस्पतींमुळे, बाकांमुळे नव्हे. म्हणून उद्यानाच्या बाबतीत पालिकेला विचारायचा प्रश्न किती झाडे लावली हा नाही. काम सुरू होण्याआधी या ८७ हेक्टरांत काय काय होते, आज काय आहे आणि दहा वर्षांनी काय असावे असे ठरवले आहे? या तीन रकान्यांचा एक तक्ता उद्यानाच्या फाटकावर लावायला कितीसा खर्च येतो?

झाडे मोजून समाधान मानले की काय होते, याचा धडा आपण नुकताच घेतला आहे. कोनोकार्पस नावाचे हिरवेगार झाड आठवते ना? डिव्हायडरवर, कारखान्यांच्या कंपाउंडला, सोसायटीच्या भिंतीला, जिकडे तिकडे तेच. भराभर वाढते, गुरे खात नाहीत, दिसायला हिरवी भिंत. वृक्षारोपणाच्या आकड्यांत ते सगळे जमा झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये गुजरातच्या वनखात्याने त्याच्या लागवडीवर बंदी घातली. परागकणांचा त्रास, मुळांनी पाण्याच्या व गटारांच्या नळांना होणारे नुकसान अशी कारणे दिली गेली. ज्याला आपण नफा म्हणून लिहिले तोच आता काढून टाकण्याचा खर्च झाला. बँकेत याला बुडीत खाते म्हणतात.

आणि भरपाईच्या झाडांचे म्हणाल, तर महालेखापरीक्षकांचा २०१३ चा अहवाल कोणत्याही कारकुनाची झोप उडवील. वनजमीन दुसऱ्या कामाला दिली, तर बदल्यात बिगरवन जमीन घेऊन तिथे जंगल उभारायचे, असा नियम. २००६ ते २०१२ या काळात १,०३,३८२ हेक्टर जमीन मिळायला हवी होती. मिळाली २८,०८६ हेक्टर. लागवड झाली ती सुमारे ७,२८० हेक्टरवर. शंभर रुपयांच्या येण्यापैकी सात रुपये वसूल! आपल्या शाखेत असे झाले असते तर मॅनेजरसाहेबांची बदली कोठे झाली असती ते वाचकांनी ठरवावे. पैसा मात्र जमत होता. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने या निधीतले ४७,४३६ कोटी रुपये राज्यांना दिले. पैसा होता, जंगल नव्हते.

अंतराची गोष्ट तर विचारूच नका. ग्रेट निकोबार बेटावरच्या प्रकल्पासाठी तिथले सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल द्यायचे ठरले आणि त्याची भरपाई हरयाणात झाडे लावून करायचे. बेटावरच्या पावसाळी अरण्याच्या बदल्यात अरवलीकडची लागवड! मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी महाराष्ट्रात वीस हजारांहून अधिक तिवरे तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली. तिथे निदान दोन गोष्टी झाल्या. तिवरांना हात लावण्याआधी उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली, कारण २०१८ च्या निकालाने ती अट घातली होती. आणि सुरुवातीचा आकडा पन्नास हजारांच्या पुढे होता तो आराखडा बदलून कमी करावा लागला. परवानगीच्या भीतीने नकाशा बदलतो हे यात दिसले. बदल्यात पाचपट तिवरे लावायची हमी दिली गेली. त्यांची पन्नास वर्षांची मुळे मात्र कोणत्याही हमीपत्रात येत नाहीत.

महाराष्ट्राने एक शहाणपणाची तरतूद केली आहे, तीही सांगतो. शहरांतल्या झाडांच्या १९७५ च्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती करून पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटले, आणि तोडल्या जाणाऱ्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट घातली. साठ वर्षांचा वड तोडला तर साठ झाडे. साठ रोपे मिळून एक वड होत नाही, हे आपल्या आज्ज्यांनासुद्धा माहीत होते. तरी वयाला किंमत असते एवढे तरी कायद्याने मान्य केले. आपल्याकडे मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीत सर्रास दिसणारी अट आहे ती तोडलेल्या एका झाडामागे दहा झाडांची, मग ते झाड वडाचे असो की सुबाभळीचे.

आता घरचाच प्रश्न. आपल्यापैकी कित्येकांचे दीडशे-दोनशे वाराचे प्लॉट टी.पी. मध्ये आहेत. काही बांधव बांधकाम व्यवसायात आहेत, काही कंत्राटे घेतात. त्यांचे म्हणणे मंडळाच्या कट्ट्यावर ऐकू येते, की आधीच परवानग्यांचे जंगल आहे, त्यात आणखी एक अट आली की खर्च शेवटी फ्लॅट घेणाऱ्याच्या माथी. हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. इंग्लंडमध्येही छोट्या बिल्डरांनी हीच ओरड केली, नगरपालिकांकडे हिशेब तपासणारे जाणकारच पुरेसे नाहीत हेही उघड झाले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये तिथल्या सरकारने ०.२ हेक्टरपर्यंतच्या जागांना या अटीतून सूट देण्याचे जाहीर केले. तिथे प्रत्येक बांधकामाचा हिशेब स्वतंत्र आहे, म्हणून ही अडचण आली.

आपल्याला तसे करायची गरजच नाही. इथे प्लॉट पडण्याआधीच सगळी जमीन एका टी.पी. मध्ये एकत्र होते. तोच क्षण हिशेबाचा. मसुदा तयार करताना सर्व्हेअरच्या सोबत एक वनस्पतींचा जाणकार आणि एक पक्षी-माशांचा जाणकार पाठवा. पावसाळ्यात एकदा आणि हिवाळ्यात एकदा. तळी, ओहोळ, गवत, जुनी झाडे नकाशावर चढवा. मग ५ टक्के मोकळी जागा कागदावर सोयीच्या कोपऱ्यात न पाडता, जिथे पाणी आपोआप साचते तिथेच ठेवा. मालकाच्या कपातीत एका वाराचीही वाढ होत नाही. फक्त जागा बदलते. दोनशे वारवाल्या माणसाला वेगळा अर्ज नको, फी नको. आणि जे जाईल त्याची भरपाई त्याच खाडीच्या पाणलोटात झाली पाहिजे. लिंबायतची दलदल बुजवून डांगात सागवान लावले, तर लिंबायतच्या पाण्याने जायचे कोठे?

पाण्याचा विषय निघालाच आहे. ऑगस्ट २००६ चा पूर उकाईतून सोडलेल्या पाण्याचा होता. तो कोणी विसरलेला नाही. पण अलीकडे दुसराच शब्द ऐकू येतो, खाडीपूर. जुलै २०२४ मध्ये आला, जून २०२५ मध्ये पुन्हा आला. तापी शांत असते आणि मिठी खाडी घरात शिरते. खाडीचे पात्र आवळले, दोन्ही बाजूंचे खळगे भरले, मग पावसाच्या पाण्याने जागा मागितली ती पर्वत पाटिया आणि लिंबायतच्या तळमजल्यांत. तिथे राहणारी माणसे कोण आहेत? बहुतांश आपलीच आहेत. ज्या दलदलीची किंमत दप्तरात शून्य होती, तिची खरी किंमत भिजलेल्या धान्याच्या डब्यांत, बंद पडलेल्या फ्रीजमध्ये आणि बुडालेल्या रोजीत दरसाल वसूल होत आहे.

तापीवर रुंढ-भाठा येथे पालिकेने बराजचे काम हाती घेतले आहे. गोड्या पाण्याचा साठा वाढेल, खारे पाणी अडेल, हा हेतू योग्यच. शहराला पाणी लागते. पण १९९५ साली सिंगणपोरचा विअर झाल्यावर वरच्या अंगाला साचलेल्या पाण्यात जलपर्णी माजली आणि ती काढायला आजतागायत यंत्रे फिरवावी लागतात. आता विअर ते रुंढ या पट्ट्यातली भरती-ओहोटीही थांबेल. तिथल्या गाळात काय जगते याची एक पावसाळा-हिवाळ्याची नोंद बराज पुरा होण्याआधी झाली पाहिजे. नंतर केलेल्या नोंदीला अर्थ नाही.

नोंद करायला नवा कायदाही नको. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावी लागते, आणि लोकांना विचारून लोक-जैवविविधता नोंदवही तयार करणे हे त्या समितीचे मुख्य काम आहे. या नोंदवहीची कल्पना रुजवली ती पुण्याच्या माधव गाडगीळ यांनी, म्हणजे आपल्याच माणसाने. २०१९ साली हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली आणि न करणाऱ्यांना महिन्याला दहा लाखांचा दंड सांगितला, तेव्हा देशभर घाईघाईने वह्या भरल्या गेल्या. घाईत भरलेल्या वहीची गुणवत्ता परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या जर्नलइतकी. आपल्या वॉर्डात या समितीचा माणूस येऊन, इथे पूर्वी काय होते असे म्हाताऱ्या माणसांना विचारून गेला, असे कोणाच्या घरी घडले असेल तर अवश्य कळवावे.

सुरतेचे नाव काढले की मित्रमंडळी १६६४ ची आठवण काढून आपली थट्टा करतात. करू देत. आज या शहराच्या राजकारणात आपला शब्द आहे. लिंबायतच्या आमदार संगीताताई पाटील २०१२ पासून निवडून येत आहेत. मूळचे जळगावकडचे चंद्रकांत पाटील हे जून २०२४ पासून केंद्रात जलशक्ती खाते सांभाळत आहेत. २०२१ च्या पालिका निवडणुकीत १२० पैकी ९३ जागा भाजपला आणि २७ आम आदमी पक्षाला मिळाल्या. दोन्हीकडे आपली मते गेली. गणेशोत्सवाला यांना आरतीला बोलावतो, शाल देतो. आरती झाल्यावर दोन मिनिटे थांबवून एक प्रश्न विचारायला काय हरकत आहे? प्रश्न लेखी असावा, उत्तर लेखी मागावे.

मंडळाच्या कार्यकारिणीपुढे तीन मागण्यांचे पत्र ठेवत आहोत. नव्या प्रत्येक टी.पी. च्या मसुद्यासोबत जागेवरच्या निसर्गाची नोंद प्रसिद्ध करावी. भरपाई त्याच खाडीच्या पाणलोटात करावी व तिचा तक्ता ३० वर्षे झोन ऑफिसात लावावा. पालिकेची जैवविविधता नोंदवही गुजरातीबरोबर मराठीतही पाहायला मिळावी. पालिका मराठी शाळा चालवते, तेव्हा मराठीत छापणे तिला अवघड नाही. टी.पी. चा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी एक महिना मिळतो. तो महिना आपण नेहमी कपातीच्या तक्रारीत घालवतो. यापुढे हरकतीच्या अर्जात तळ्याचा, खाडीचा, झाडाचाही परिच्छेद असावा. अर्जाचा नमुना गुजरातीतून तयार करण्याचे काम दोघा वकील बांधवांनी अंगावर घेतले आहे.

ज्येष्ठ मंडळींना वेगळी विनंती. तुमच्या लहानपणी कोणत्या नाक्यावर तळे होते, कोणत्या शेतात पावसाळी बदके उतरत, खाडीत कोणते मासे मिळत, कोणत्या वडाखाली बैलगाड्या सुटत, हे फक्त तुमच्याच डोक्यात आहे, सातबाऱ्यावर नाही. मंडळाच्या कार्यालयात त्यासाठी एक वही ठेवली आहे. जागेचे जुने नाव, आजचे नाव, अंदाजे साल आणि काय पाहिले, असे चार रकाने आहेत. ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांनी नातवंडांना बरोबर आणावे, ती लिहून घेतील. कार्यालय रविवारी सकाळी दहा ते एक उघडे असते. नोंदीखाली सही आणि तारीख मात्र विसरू नये.